नवे टायर टाकले, पण हवा किती ठेवायची?

चार टायर बदलायला एक दुपार पुरली. त्यात हवा किती ठेवायची हे ठरायला मात्र दिवाळी उजाडली. ज्याला विचारावं तो वेगळा आकडा सांगतो आणि प्रत्येकाला आपलाच आकडा बरोबर वाटतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

गाडी 2019 ची, डिझेल, सात सीटर एसयूव्ही. नवरा शिपवर असतो त्यामुळे गाडीचं सगळं माझ्याकडेच, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, पीयूसी सगळं. रोज डिचोली ते पणजी, अस्नोडा-म्हापसा-पर्वरी असा रस्ता, आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून त्या पट्ट्याबद्दल गोंयकाराला काही सांगायला नको. जुने टायर गाडीबरोबर आलेलेच होते. टायरच्या बाजूला डीओटी म्हणून जो लांबलचक कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि नंतरचे दोन म्हणजे साल. माझ्यावर 2219 होतं, म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. खाचांमध्ये मधेमधे छोटे उंचवटे असतात (टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं त्या रेषेत), रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं की 1.6 मिलिमीटर उरलं, म्हणजे टायर संपला. पुढचे दोन तिथवर आले होते, मागच्यांना बाजूने बारीक चिरा. पावसात अस्नोड्याच्या वळणावर एकदा ब्रेक मारल्यावर गाडी थोडी सरकली, तेव्हाच ठरवलं की आता हे टायर पुढच्या पावसाळ्यापर्यंत न्यायचे नाहीत.

चवथीच्या आधीच घेणार होते, पण ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार अशी बोलणी सुरू झाली आणि ओळखीतल्या सगळ्यांनी थांब म्हणून सांगितलं. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. दसरा झाल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात म्हापशाला एका दुकानात गेले.

माझी साइझ 235/65 आर17. त्यापुढे जुन्या टायरवर 104 एच लिहिलेलं. हे 104 म्हणजे लोड इंडेक्स, एक टायर जास्तीत जास्त 900 किलो पेलू शकतो, आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा. (210 आपल्याला कुठे मारायचे आहेत, पण निदान जुन्याइतकं तरी असावं, खाली उतरू नये.) दुकानदाराकडे 104 वाला स्टॉकमध्ये नव्हता, मागवायला चार-पाच दिवस लागतील म्हणाला, लागले त्याहून जास्त, आणि आले ते 108 एक्सएल. एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, तोच साइझ पण आतून जरा मजबूत, 1000 किलोपर्यंतचा. लोड इंडेक्स वर गेला तर चालतं, खाली जायचं नाही, एवढं मला माहीत होतं म्हणून घेतले. बसवायच्या आधी चारही टायरचे डीओटी कोड बघितले, सगळे 2025 चेच निघाले. हे बघायला लाजू नका, दुकानातच बघायचं, एकदा रिमवर चढले की परत कोण घेणार.

खर्च असा. टायर 11,400 चा एक, जीएसटी धरून. जुन्या दराने तोच 12,300 च्या वर गेला असता, म्हणजे चारांचे मिळून साधारण 3,900 वाचले. अलाइनमेंट 800, बॅलन्सिंग एका चाकाला 150, नवे व्हॉल्व्ह 50 चा एक (व्हॉल्व्ह बदलून घ्याच, जुन्याचं रबर कडक झालेलं असतं आणि मग हवा हळूहळू उतरत राहते). जुन्या टायरचे 300 प्रमाणे वजा केले. एकूण 46,000. नायट्रोजन भरू का असं विचारलं, टायरला 50 रुपये, नको म्हटलं. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि उरलेल्यासाठी दर वेळी नायट्रोजनचं दुकान कोण शोधत बसणार.

वॉरंटीचं एक सांगते, कारण ते दुकानात कोणी सांगत नाही. बिलावर गाडीचा नंबर, किलोमीटर रीडिंग आणि चारही टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या, दुकानाचा जीएसटी नंबर आणि शिक्का हवाच. मग कंपनीच्या साइटवर बिलाचा फोटो टाकून ओटीपीने रजिस्टर करायचं. माझ्या बिलावर आधी फक्त '4 नग' असं लिहिलेलं होतं, परत लिहून घेतलं, तो जरा वैतागला, पण दिलं. आणि कमी हवेवर पळवून टायर खराब झाला तर ते वॉरंटीत बसत नाही, म्हणजे हवेचा प्रश्न पैशाचासुद्धा आहे.

तर हवा. दुकानातल्या मुलाने भरली आणि मशीनवर 40 दिसलं. मी म्हटलं, चाळीस कशाला, आधी तेहतीस असायची. तो म्हणाला, 'मॅडम, एक्सएल है, इसमें चालीस ही चलता है,' आणि टायरच्या बाजूवर बोट ठेवून दाखवलं, मॅक्स प्रेशर 340 केपीए, 50 पीएसआय (दोन्ही हवेच्या दाबाचीच मापं). पचास तक जाता है म्हणे, चालीस तो कुछ नहीं. वर, सरांना फोन लावून विचारा हवं तर. सर तेव्हा कुठल्या समुद्रात होते कोण जाणे. दोन वाजले होते, रणरणतं ऊन, आत आणखी गिऱ्हाइकं. निघाले.

घरी येईपर्यंतच जाणवलं. रंबलरवर गाडी टणाटण उडत होती, खड्ड्यात चाक गेलं की हादरा थेट स्टीअरिंगमध्ये. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, अगो, एवढे पैसे घालून हे असं? मला मनातून भीती वाटायला लागली की टायरच चुकीचे घेतले की काय.

मग विचारपूस सुरू. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, पस्तीस, सगळ्या गाड्यांना पस्तीस. शेजारचे काका म्हणाले, आपले रस्ते बघता तीस ठेव, गाडी मऊ चालेल. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर, आधी जेवढी तेवढीच ठेवा मॅडम. टायर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर बराच वेळ होल्डवर ठेवून सांगितलं की गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा वापरा. तीस, तेहतीस, पस्तीस, चाळीस, सगळे आकडे एकदम माझ्याकडे जमा.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की गाडीच्या खांबावर एक स्टिकर असतो (काही गाड्यांत डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला). माझ्यावर आहे: चारही चाकांना 230 केपीए, 33 पीएसआय. फुल लोडला पुढे 33 तेच, मागे 250 केपीए, 36. आणि खाली बारीक अक्षरात, थंड टायरसाठी. पण हा स्टिकर मूळच्या 104 वाल्या टायरसाठी, माझे आता 108 एक्सएल. मग हाच आकडा चालेल की नाही, एवढाच माझा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कोणीच नीट देत नव्हतं.

उत्तर मिळालं मामांकडे. हे यांचे मामा, उसगावला एमआरएफच्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले, फोंड्याला राहतात. रविवारी गेले, चहा-शंकरपाळी झाली आणि मामांनी कागद-पेन मागितलं. म्हणाले, 'अगो, टायरवर लिहिलंय ते टायरला किती सोसतं त्याचं. तुझ्या गाडीला किती लागते ते दरवाजावर.' 50 हा वरचा टोकाचा आकडा, त्याच्यावर जायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. मग एक्सएलचं सांगितलं. साधा टायर त्याचं पूर्ण वजन, माझ्या जुन्याचं 900 किलो, 36 पीएसआयला पेलतो. एक्सएल त्याचं पूर्ण वजन, म्हणजे 1000 किलो, 42 ला. मधल्या आकड्यांना किती पेलतो त्याचं सूत्र असतं (हवेच्या दोन दाबांच्या गुणोत्तराचा 0.8 वा घात, ज्यांना कॅल्क्युलेटर घेऊन बसायचंय त्यांच्यासाठी). त्या हिशोबाने जुना टायर 33 ला साधारण 840 किलो पेलत होता. नव्या एक्सएलला तेवढंच पेलायला किती लागेल? साडेतेहतीसच्या जरा वर. म्हणजे 34. फुल लोडला मागे 36 च्या जागी 37.

एवढंच. एका पीएसआयचा फरक! एक्सएल म्हटलं की चाळीसच हवेत असं काही नाही. उलट एक्सएल मजबूत आहे म्हणून हवा कमी ठेवली तरी चालते असं समजणारेही भेटले, तेही चूक, कारण वजन पेलते ती आतली हवा, एक्सएलला तेवढ्याच वजनासाठी हवा कमी नाही, किंचित जास्तच लागते. पण हे साइझ तीच ठेवली तर. आमच्या ऑफिसातल्या एकाने एलटी (लाइट ट्रक) टाइपचे जाडजूड ऑफरोड टायर टाकलेत, त्यांचं गणित वेगळं, त्यांना बरीच जास्त हवा लागते, तिथे टायर कंपनीचा लोड टेबल बघितल्याशिवाय आकडा ठरवू नये.

आता आकडा मिळाला, पण मोजायचा कशावर? पंपावरच्या मशीनवर 35 लावून भरून घेतली आणि लगेच तिथेच माझ्या नव्या गेजने मोजली तर 32. हो, तोपर्यंत एक डिजिटल गेज घेतला होता, 850 रुपयांचा. मामांच्या जुन्या काट्याच्या गेजशी लावून बघितला, अर्ध्या पीएसआयचा फरक. पंपावर हवा फुकट मिळते, ती सोय पंपाला ठेवावीच लागते, पण ते नोझल दिवसभर आपटतं, पावसात भिजतं, त्याच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा. म्हणून माझं असं ठरलं की पंपावर दोन-तीन जास्त भरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आपल्या गेजने मोजून जास्तीची सोडायची. व्हॉल्व्हची पिन जराशी दाबली की फुस्स, मोजा, परत फुस्स. पाच मिनिटांचं काम, साडी नेसलेली असली तरी होतं, फक्त बोटं काळी होतात.

सकाळीच का, तर थंड टायर म्हणजे गाडी निदान तीन तास उभी पाहिजे, किंवा फार तर दोन किलोमीटर हळू चाललेली. चाललं की टायर तापतो, आतली हवा तापते, आकडा वाढतो. साधारण साडेपाच-सहा डिग्रीला एक पीएसआय. भर दुपारी दुकानात 40 भरलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात 38 होती, गळती वगैरे काही नाही, फक्त तापमान. ऊन एका बाजूने पडत असेल तर त्या बाजूचे दोन टायर जास्त दाखवतात, मी तर घाबरले होते की दुसऱ्या बाजूला पंक्चर आहे. गाडी सावलीत असताना मोजा.

मामांनी आणखी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, खडूची. टायरच्या पट्टीवर आडवी जाड खडूची रेघ मारायची, सपाट रस्त्यावर सरळ शे-दोनशे मीटर जायचं आणि उतरून बघायचं. सकाळी सहाला आमच्या वाड्यावरच्या रस्त्यावर केलं. 38 वर मधला खडू पुसला आणि दोन्ही कडांना शिल्लक, म्हणजे टायर मधल्या भागावरच चालतोय. 34 वर सगळीकडून सारखा गेला. पेपर टाकणाऱ्या मुलाने थांबून विचारलं, काकी, काय हरवलं का? दुसरी, गरम टायरची. सकाळी 34, मग डिचोलीहून पणजीला पोचल्या पोचल्या मोजायचं. 38 आली. चारच्या आसपास वाढली तर ठीक. सहा-सात वाढली असती तर हवा कमी आहे म्हणून टायर जास्त मुडपतोय आणि तापतोय, आणि एक-दोनच वाढली असती तर हवा जास्तच आहे, असा ठोकताळा. ऑफरोडवाले लोक हा वापरतात, काही कंपनीचा नियम नव्हे, पण माझ्या बाबतीत खडूशी जुळलं. गरम टायर 38 दाखवतोय म्हणून त्यातली हवा सोडून 34 वर आणायची नाही हे मात्र लक्षात ठेवा, तसं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी 30 मिळेल.

34 वर गाडी परत माणसात आली. शेजारच्या काकांसाठी एक दिवस 30 करूनही बघितली, खरंच मऊ चालते, पण वळणावर मागून लोळल्यासारखी वाटते आणि खड्ड्यात टायर रिमवर दाबला जाण्याची भीती जास्त. आपले खड्डे कसे असतात, कडा सुरीसारख्या. साइडवॉलला फुगा आला की टायर गेलाच, तो दुरुस्त होत नाही. मी परत 34.

भाऊबीज 23 तारखेला, माझं माहेर बेळगाव. म्हणजे साखळी, केरी आणि चोर्ला घाट. गाडीत सासूबाई, दोन्ही मुलं, नणंद, तिची मुलगी, मागे बॅगा, नारळाचं पोतं, फोवांचे डबे. आदल्या दिवशी सकाळी मागचे 37 केले, पुढचे 34 तेच. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा गुळगुळीत असतात, साच्यातून सुटायला लावलेलं द्रव्य असतं वरती, तेवढं अंतर तोपर्यंत झालेलं होतं, तरी घाटात सावकाशच घेतली. वर पोचल्यावर मुलाने गेज काढला (त्याला त्याचं खेळणंच झालंय), मागे 41. सोडू का विचारलं, नको म्हटलं.

बेळगावला सकाळी मोजली तर 37 ची 37. मला वाटलं होतं थंडीने उतरेल. मग कळलं, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, बाहेरची हवा विरळ म्हणून गेज साधारण एक पीएसआय जास्त दाखवतो, आणि गारव्याने तेवढीच कमी होते, दोन्ही एकमेकांना मारतात. माझा भाऊ म्हणाला, ताई, ओवाळायला आलीस की टायर मोजायला?

परत आल्यावर मागची हवा 34 ला आणली. हे कंटाळवाणं आहे पण रिकामी गाडी 37 वर चालवली की मागची सीट उडते आणि मधलं रबर आधी झिजतं.

डिसेंबरात पहाटे गारवा पडायला लागला तेव्हा काही न करता 32-33 दिसायला लागली. त्यातली थोडी थंडीमुळे आणि थोडी आपोआप उतरते, चांगल्या टायरमधूनसुद्धा महिन्याला एखादा पीएसआय जातोच. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजायचं, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय गॅसच्या नंबराशेजारी.

आणि स्टेपनी. आमची मागून खाली लटकवलेली आहे, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पावसाळ्याचा सगळा चिखल तिच्यावर. पान्याने खाली उतरवून मोजली तर 14! तिला 38 भरून ठेवलीय, म्हणजे गरज पडली की हवा सोडून कोणत्याही जागी लावता येईल, भरायला पंप शोधायला नको. ज्यांची स्टेपनी बारीक टायरची, 80 च्या वर पळवू नका असं लिहिलेली असते, तिचा आकडा वेगळा आणि बराच जास्त असतो, तिच्यावरच लिहिलेला असतो, तो बघा.

पावसाळ्यात हवा कमी करावी, पकड चांगली मिळते, असं दोन-तीन जणांनी सांगितलंय. ओल्या डांबरावर उलट होतं. कमी हवेचा टायर मधे आत दबतो, पाणी बाहेर फेकायला जोर राहत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते ती लवकर. विमानांच्या टायरसाठी नासावाल्यांनी काढलेलं एक जुनं सूत्र आहे, हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर म्हणजे टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग, पण नॉट्समध्ये (जहाज-विमानांच्या वेगाचं माप). किलोमीटरमध्ये केलं तर 33 ला ते ताशी 96 च्या आसपास येतं, 25 ला 83. गाडीच्या टायरला ते जसंच्या तसं लागू नाही, खाचा किती खोल त्यावरही असतं, पण हवा कमी म्हणजे वेग कमी असतानाच धोका, हे त्यातून दिसतं. त्यामुळे जूनमध्येही माझे 34 च राहणार. त्याआधी, दहा हजार किलोमीटर झाले की टायर पुढचे मागे करून घ्यायचेत, तेव्हा अलाइनमेंटही परत बघेन, आणि हवा भरून झाल्यावर मुलाला मशीनवरचा आकडा विचारणार नाही, सकाळी घरीच मोजेन.